रांगेला घड्याळ नसते

'दप्तरदिरंगाई' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तो कुठून आला याचा विचारही मनात येत नाही. दप्तर हा शब्द फारसीतून आलेला. दिरंगही तिथूनच आलेला; त्याचा अर्थ उशीर. हे दोन पाहुणे मराठीच्या उंबऱ्यावर भेटले आणि त्यांचा संसार असा काही जमला, की आज ते अस्सल घरचे वाटतात. अर्ज, मुदत, हुकूम, मंजूर, दाखला, कारकून, तहसील, शिक्का ही सगळी त्याच गोतावळ्यातली मंडळी. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. राज्य आपले, तर त्याची भाषाही आपली असावी, ही त्यामागची मोठी दृष्टी होती. पुढे स्वतंत्र भारतात १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला. तरी तहसील कचेरीच्या दारात उभा असलेला माणूस आजही 'अर्ज'च करतो, 'मुदत' मागतो आणि 'हुकूम' निघण्याची वाट पाहतो.

शब्दांच्या संगतीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला याची गंमत वाटते. पण आज मला शब्दांबद्दल बोलायचे नाही. शब्दांमागच्या व्यवहाराबद्दल बोलायचे आहे. सरकारी कारभार सुधारायचा, असे प्रत्येक सरकार म्हणते. त्यासाठी समित्या नेमते, कायदे करते, संगणक आणते. यात खोटेपणा असतोच असे नाही. तरीही रांगेत उभ्या असलेल्या माणसाला फरक जाणवायला फार वर्षे लागतात. कधी कधी तो जाणवतच नाही. असे का होते? हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही आणि एकट्या भारताचाही नाही. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक विकसनशील देशांपुढे तो उभा आहे.

आधी हे पाहू, की हा प्रश्न कोणाचा आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे किंवा ओळख आहे, त्याला कचेरीची पायरी क्वचितच चढावी लागते. त्याची कामे फोनवर होतात, नाहीतर माणूस पाठवून होतात. निराधार योजनेचे मानधन सुरू व्हावे म्हणून हेलपाटे घालणारी म्हातारी, मुलीच्या प्रवेशाची तारीख जवळ आली म्हणून जातीच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेला बाप, वडील गेल्यावर वारसाची नोंद लावू पाहणारा शेतकरी, यांच्यासाठी ती खिडकी म्हणजेच सरकार. मंत्रालय त्यांनी पाहिलेले नसते. त्यांच्या दृष्टीने राज्यघटनेचा चेहरा म्हणजे खिडकीपलीकडचा कारकून. तो 'उद्या या' म्हणाला, की सरकार 'उद्या या' म्हणाले. आणि त्या उद्याची किंमत एका दिवसाची मजुरी अधिक एस.टी.चे भाडे, इतकी रोकडी असते.

आता थोडे इतिहासात जाऊ. आपल्याला मिळालेले प्रशासन ज्यांनी उभारले, त्यांची दोन मुख्य कामे होती. सारा वसूल करणे आणि बंदोबस्त राखणे. 'कलेक्टर' या शब्दाचा अर्थच गोळा करणारा. या यंत्रणेच्या नजरेत प्रजा म्हणजे सारा चुकवू पाहणारी, खोटे सांगू पाहणारी माणसे. म्हणून प्रत्येक गोष्टीला पुरावा, पुराव्याला साक्ष, साक्षीवर शिक्का आणि शिक्क्यावर सही. स्वातंत्र्यानंतर याच यंत्रणेच्या खांद्यावर आपण शाळा, दवाखाने, रेशन, रोजगार हमी, पेन्शन, दुष्काळ निवारण अशी ओझी दिली. वसुलीसाठी घडवलेल्या हाताला वाटपाचे काम सांगितले. हात तोच राहिला, त्याची सवयही तीच राहिली. अनेक नवस्वतंत्र देशांत थोड्याफार फरकाने हेच झाले.

हे आपल्या धुरिणांच्या लक्षात आले नव्हते, असे मात्र नाही. मुंबई प्रांतात सनदी अधिकारी म्हणून काम केलेल्या ए. डी. गोरवाला यांनी १९५१ मध्येच लोकप्रशासनावर परखड अहवाल दिला. १९५३ मध्ये पॉल ॲपलबी या अमेरिकन तज्ज्ञाचा अहवाल आला. १९६६ मध्ये पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग नेमला गेला. त्याचे पहिले अध्यक्ष मोरारजी देसाई, नंतर के. हनुमंतय्या. त्या आयोगाने २० अहवाल दिले. २००५ मध्ये वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग आला, त्याने १५ अहवाल दिले. म्हणजे काय करावे हे सांगणारे कागद आपल्याकडे भरपूर आहेत. अडचण पुढची आहे. दप्तरदिरंगाईवरचे अहवालही शेवटी दप्तरातच जातात.

जगात या सुधारणांच्या दोन मोठ्या लाटा आल्या. पहिली १९८० आणि १९९० च्या दशकांतली. अनेक गरीब देश कर्जात बुडाले होते. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी मदत दिली, पण अटी घालून. सरकारी नोकर कमी करा, खर्च कमी करा, सरकारी कारखाने विका. युगांडासारख्या देशाने १९९० च्या दशकात आपली नोकरशाही जवळजवळ निम्म्यावर आणली. त्यामुळे खर्च आटोक्यात आला खरा, पण खर्च कमी होणे म्हणजे काम सुधारणे नव्हे. दहा जणांपैकी पाच काढले, तर उरलेले पाच आपोआप चांगले काम करू लागतील असा काही निसर्गनियम नाही.

दुसरी लाट आली ती न्यूझीलंडकडून. तिथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात खात्यांच्या प्रमुखांना मोठे स्वातंत्र्य देण्यात आले. नियमांचे जोखड काढले आणि त्या बदल्यात करार करून घेतला, की अमुक इतके काम अमुक काळात झाले पाहिजे. प्रयोग गाजला. देशोदेशीच्या सरकारांना त्याची भुरळ पडली. तेव्हा ॲलन शिक या अमेरिकन अभ्यासकाने १९९८ मध्ये एक लेख लिहिला. बहुतेक विकसनशील देशांनी न्यूझीलंडच्या वाटेने जाऊ नये, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. त्यांचा मुद्दा साधा आणि विचार करायला लावणारा आहे. न्यूझीलंडमध्ये लिहिलेला नियम पाळण्याची सवय आधी पिढ्यान्‌पिढ्या मुरली होती, म्हणून नियम सैल करता आले. जिथे कागदावर एक आणि व्यवहारात दुसरेच चालते, तिथे नियम सैल केले तर कार्यक्षमता वाढत नाही, मनमानी वाढते. आधी ताल पक्का व्हावा लागतो, मग तान घेता येते.

याच विचाराला पुढे मॅट अँड्र्यूज, लँट प्रिचेट आणि मायकेल वूलकॉक या अभ्यासकांनी एक समर्पक उपमा दिली. काही बिनविषारी साप विषारी सापासारखे पट्टे अंगावर मिरवतात. विष नसते, पण रूप पाहून शत्रू दूर राहतो. संस्थांचेही असे होते, असे ते म्हणतात. यशस्वी देशांत ज्या संस्था दिसतात, त्यांचे रूप आपण उचलतो. आयोग, प्राधिकरण, सनद, संकेतस्थळ सगळे उभे राहते. मदत देणारे खूश होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्र येते. फक्त त्या रूपाच्या आत जी कामाची ताकद असायला हवी, ती नसते. आणि रूप आल्यामुळे ताकद आणण्याची निकडही संपते. मला वाटते, सुधारणेच्या मार्गातला सर्वांत मोठा धोका हाच आहे. नकार देणाऱ्याशी भांडता येते, पण आधीच होकार देऊन बसलेल्याशी कसे भांडणार?

'नागरिकांची सनद' हे याचे घरचे उदाहरण. ब्रिटनमध्ये जॉन मेजर यांच्या सरकारने १९९१ मध्ये ही कल्पना आणली. मलेशियाने १९९३ मध्ये ती आपल्या पद्धतीने स्वीकारली. भारतात १९९७ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. मग गावोगावी कचेऱ्यांच्या भिंतींवर फलक लागले. अमुक दाखला इतक्या दिवसांत, तमुक नक्कल इतक्या दिवसांत. फलक रंगवणाऱ्याला काम मिळाले. पण दिवस उलटले तर काय, याचे उत्तर त्या फलकावर नव्हते. काही ठिकाणी त्या फलकासमोरच कपाट आले आणि सनद कपाटामागे गेली.

मात्र महाराष्ट्रात काहीच घडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना हे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कायदा बदलला नाही, मोठा निधी मागितला नाही. कचेरीतले जुने गठ्ठे उपसले. कोणता कागद कायमचा ठेवायचा, कोणता ठराविक वर्षांनी नष्ट करायचा, याप्रमाणे त्यांची वर्गवारी केली. टेबलांची मांडणी बदलली. कोणी काय काम कसे करायचे हे लिहून काढले. लोकांना चौकशीसाठी एक निश्चित जागा दिली. कागद सापडू लागला, की निम्मा उशीर आपोआप सरतो. 'लखिना पॅटर्न' हा शब्द त्यानंतर राज्यभर झाला आणि सरकारने तो इतरत्र नेण्याचा प्रयत्नही केला.

पण पुढचे ऐका. २०१७-१८ च्या सुमारास पुणे विभागात 'झिरो पेंडन्सी' नावाची मोहीम निघाली आणि ती चांगली गाजली. त्या मोहिमेत काय होते? पुन्हा गठ्ठे उपसणे, पुन्हा अ, ब, क, ड अशी वर्गवारी, पुन्हा टेबलावरचा कागद वेळेत निकाली काढणे. साडेतीन दशकांनी तेच काम नव्याने करावे लागले. यात मोहीम राबवणाऱ्यांचा दोष नाही, उलट त्यांचे कौतुकच आहे. पण सुधारणा माणसाच्या नावाने ओळखली जाते, तेव्हा त्या माणसाच्या बदलीबरोबर ती अर्धी निघून जाते, हे यातून कळते. चांगला अधिकारी येणे हा आपल्याकडे अजूनही पावसासारखा प्रकार आहे. आला तर पीक, नाही तर टँकर.

म्हणून कायद्याची वाट धरावी लागली. माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा महाराष्ट्राने २००२ मध्ये केला, देशाचा कायदा २००५ मध्ये आला. त्याच वर्षी राज्याने आणखी एक कायदा केला. त्याच्या नावात बदल्यांचे विनियमन आहे आणि 'शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध' आहे. दिरंगाईला कायद्याच्या भाषेत 'विलंब' म्हणतात, एवढाच फरक. त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी आहेत. कर्मचाऱ्याची एका जागेवरची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असावी आणि कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये.

सात दिवस ऐकायला थोडेच वाटतात. पण हिशेब करून पाहा. फाइल एकाच माणसाकडे नसते. कारकून, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार, मग अभिप्रायासाठी दुसरे खाते आणि तिथली तीच शिडी. प्रत्येकाने आपले सात दिवस नियमाने वापरले, तर कोणीही कायदा मोडलेला नसतो आणि दोन महिने निघून गेलेले असतात. प्रत्येक टेबलाला घड्याळ लागले, अर्जदाराला लागले नाही.

ही त्रुटी भरून काढायला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आला. मध्य प्रदेशाने २०१० मध्येच देशातला असा पहिला कायदा केला होता. या कायद्याचे तत्त्व फार मोलाचे आहे. सेवा ही मेहरबानी नसून हक्क आहे, असे तो म्हणतो. अधिसूचित सेवेला ठराविक दिवस असतात. त्या दिवसांत सेवा द्यायची किंवा कारण लेखी नोंदवून नाकारायची. तसे झाले नाही, तर खात्यातच दोन अपिले, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा आला तरी आयोगाचे पहिले मुख्य आयुक्त मिळायला २०१७ साल उजाडले. तरीही या कायद्यामुळे आणि 'आपले सरकार' या पोर्टलमुळे अनेकांची कामे घरबसल्या किंवा गावातल्या केंद्रावर होऊ लागली, हे मान्य करायलाच हवे.

आता यातली खोच पाहा. दिवस मोजायला सुरुवात कधी होते? अर्ज सर्व बाबतींत परिपूर्ण असेल तेव्हा. हे रास्तही आहे. अपुऱ्या कागदांवर कोणी दाखला कसा देईल? पण अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे ठरवतो कोण? खिडकीपलीकडचा माणूसच. मग एक त्रुटी निघते, ती पुरी केली की दुसरी निघते. घड्याळ खिडकीच्या आत टांगलेले आहे. खिडकीबाहेर माणूस कितीही वेळ उभा राहिला, तरी तो वेळ कुठल्याच तक्त्यात येत नाही. वर पाठवलेल्या अहवालात शंभरातले नव्याण्णव अर्ज वेळेत निकाली निघालेले दिसतात आणि तो अहवाल खोटाही नसतो.

जातीच्या दाखल्याचेच घ्या. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांना दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा द्यावा लागतो. मुसलमानांमधले पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार, मोमीन असे अनेक कष्टकरी समाज या यादीत आहेत. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी शाळेत नाव घालताना मास्तरांनी आजोबांच्या नावापुढे रकान्यात काय लिहिले? बहुतेक ठिकाणी नुसते 'मुसलमान'. मास्तरांचा त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना तेवढेच पुरेसे वाटले. आज नातू शिकायला निघाला, तर तो एक शब्द त्याच्या वाटेत भिंत होऊन उभा राहतो. कायद्याने दाखल्याचे दिवस ठरवून दिले, पण जो कागद कधी लिहिलाच गेला नाही तो किती दिवसांत आणायचा, हे कोणता कायदा ठरवणार? असाच प्रकार भटक्या-विमुक्तांचा. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शाळा रस्त्यावर भरली, त्यांच्याकडे आपण शाळा सोडल्याचा दाखला मागतो.

नावांचेही तसेच. आमच्याकडे शेख कुठे नावाच्या आधी, कुठे नंतर. माझे स्वतःचे नाव तीन सरकारी कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले आहे. हाताने लिहिण्याच्या काळात कारकून गालात हसून म्हणायचा, 'चालतंय हो, माणूस एकच आहे ना.' संगणकाला हसता येत नाही. त्याच्या लेखी एक वेलांटी बदलली, की माणूस बदलला. झारखंडमध्ये रेशनसाठी आधारची पडताळणी सक्तीची झाली, तेव्हा काही खऱ्या हक्कदारांनाही धान्य मिळेनासे झाले, असे अर्थतज्ज्ञांच्या पाहणीत दिसून आले. चोरी रोखण्यासाठी घट्ट केलेल्या जाळ्यात गरीबही अडकतो, कारण कागदांवरच्या चुका त्याच्याच नशिबी जास्त असतात.

याचा अर्थ संगणक नको, असा मुळीच नाही. कर्नाटकातल्या 'भूमी' प्रकल्पाकडे पाहा. या शतकाच्या सुरुवातीला तिथे सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी जमीन नोंदी संगणकावर आल्या आणि १५ रुपयांत उतारा मिळू लागला. त्यातली खरी करामत वेगळीच होती. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, अशी व्यवस्था संगणकातच बसवली होती. मागच्याला पुढे घेण्याची सोय राहिली नाही, तेव्हा पुढे घेण्याचे पैसेही राहिले नाहीत. आपल्याकडेही २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. उताऱ्यासाठी तलाठी भाऊसाहेबांना गाठण्याचे दिवस बऱ्याच अंशी संपले, हा लहान बदल नाही.

पण उतारा मिळणे वेगळे आणि उताऱ्यावरची नोंद बरोबर असणे वेगळे. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना चूक झाली, तर कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करावा लागतो. वारसाची नोंद लावायची तर फेरफार, नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. इथे पुन्हा माणूस लागतो, त्याचा निर्णय लागतो. संगणकाने नक्कल सोपी केली, निर्णय सोपा केला नाही. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले. नाव भारदस्त झाले याचा आनंदच आहे. पण एका माणसाकडे किती गावे आहेत, हा प्रश्न पदनामाने सुटत नाही.

यंत्राची मर्यादा दाखवणारा एक प्रयोग राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात झाला. उपकेंद्रांतल्या परिचारिका अनेकदा जागेवर नसत. २००६ मध्ये सेवा मंदिर ही संस्था आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून तारीख-वेळ छापणारी यंत्रे दिली. गैरहजेरी वाढली तर पगार कापायचे ठरले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. पहिल्या सहा महिन्यांत हजेरी जवळजवळ दुप्पट झाली. सोळा महिन्यांनंतर पाहिले, तर सगळा फरक पुसला गेला होता. यंत्रे मोडली म्हणून हे घडले नाही. 'सूट दिलेले दिवस' वाढले होते. आज बैठक, उद्या सर्वेक्षण, परवा आणखी काही. वरिष्ठांनी सूट दिली, की गैरहजेरी ही गैरहजेरी राहत नाही. यंत्र खरे बोलत होते, पण त्याला काय विचारायचे हे माणसेच ठरवत होती.

इथे सरकारी कर्मचाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मोकळे होणे सोपे आहे. ते मला करायचे नाही. हा आजार एका देशाचा किंवा एका खात्याचा नाही. बांगलादेश, इक्वाडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या सहा देशांच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. अचानक भेटीत सरासरी १९ टक्के शिक्षक आणि ३५ टक्के आरोग्य कर्मचारी गैरहजर आढळले. इतक्या दूरदूरच्या देशांत एकच गोष्ट दिसते, तेव्हा दोष माणसांच्या स्वभावात कमी आणि व्यवस्थेच्या घडणीत जास्त असतो. आपल्याकडचाच तलाठी पाहा. शेतसारा, फेरफार, गारपिटीचे पंचनामे, मतदार यादी, पीक पाहणी, वर साहेबांचा दौरा. शेजारच्या सज्जाची जागा रिकामी, म्हणून तिचाही अतिरिक्त कार्यभार. अशा माणसाच्या हातात आपण नवा कायदा देतो आणि म्हणतो, आता सात दिवसांत. मग तो स्वतःला वाचवण्याचा मार्ग शोधतो. त्रुटी काढणे हा त्याचा बचाव असतो.

वरच्यांची गोष्टही फार वेगळी नाही. अधिकारी एका जागी टिकत नाही, तोवर सुधारणा मूळ धरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सनदी अधिकाऱ्यांना निश्चित किमान कालावधी मिळावा आणि तोंडी हुकमांची लेखी नोंद व्हावी, असे सांगितले. आपल्या कायद्यात तीन वर्षे आधीच लिहिलेली होती. तरी मुदतीआधी होणाऱ्या बदल्यांच्या बातम्या आपण आजही वाचतो. बदली हे बक्षीस आणि शिक्षा दोन्ही आहे, आणि ज्याच्या हाती ते आहे तो ते सहजासहजी सोडत नाही. दिरंगाईने सगळ्यांचेच नुकसान होत असते, तर ती केव्हाच संपली असती. तिच्यावर दलाल जगतो, शिफारसपत्र देणारा पुढारी मोठा होतो. अडलेले काम सोडवून देणे हीच ज्याची लोकसेवा, त्याला काम न अडणे परवडत नाही.

मग आशा कुठे आहे? पुन्हा युगांडाकडे जाऊ. १९९१ ते १९९५ या काळात तिथे प्राथमिक शाळांसाठी केंद्र सरकार जे अनुदान पाठवी, त्यातले सरासरी फक्त १३ टक्के शाळेपर्यंत पोहोचत होते, असे एका पाहणीत उघड झाले. सरकारने मग कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या दारावर लावायला सुरुवात केली. काही वर्षांनी ते प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. पुढे काही अभ्यासकांनी दाखवून दिले, की हे श्रेय एकट्या वर्तमानपत्राचे नाही. त्याच काळात देखरेखही वाढली होती, शिक्षणावर सरकारचा भरही वाढला होता. मला ही दुरुस्ती मोलाची वाटते. नुसत्या माहितीने काम होत नाही. माहिती, वरचा दाब आणि खालची मागणी तिन्ही एकाच वेळी आली, तेव्हा पैसा शाळेत पोहोचला.

आपल्यासाठी यातून काही साध्या गोष्टी निघतात. पहिली, घड्याळ खिडकीबाहेर आणावे. माणूस पहिल्यांदा अर्ज घेऊन आला तो दिवस नोंदला जावा. त्रुटी असतील तर त्या सगळ्या एकदाच आणि लेखी सांगाव्यात. दुसरी, निकाली निघालेल्या अर्जांबरोबर नाकारलेले आणि परत केलेले अर्जही मोजावेत. परत पाठवलेला माणूस आकड्यात दिसू लागला, की त्याच्याकडे पाहणे भाग पडते. तिसरी, जे कागद सरकारच्याच दुसऱ्या खात्यात आहेत ते नागरिकाकडे मागू नयेत. चौथी, रिकाम्या जागा भराव्यात, कारण हात नसलेल्या यंत्रणेला दंडाची भीती घालून उपयोग नाही. आणि पाचवी, परदेशातून किंवा शेजारच्या राज्यातून तयार आराखडा उचलण्याआधी आपल्या तालुक्यात काम नेमके कोणत्या टेबलावर अडते, हे शोधावे. लखिनांनी केले ते तेवढेच होते.

मित्रहो, यातले बरेचसे सरकारने करायचे आहे. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. अर्ज दिला की पोचपावती घ्यावी. लोकसेवा हक्क कायद्याने अर्जाला क्रमांक देणे बंधनकारक आहे. काम नाकारले, तर 'का' हे लेखी मागावे. ज्याला लिहिता येत नाही, त्याला शेजारच्या शिकलेल्या मुलाने ते लिहून द्यावे. तोंडी नकाराला पत्ता नसतो. लेखी नकारावर सही असते, तारीख असते आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध अपील करता येते. 'दाखला' हा शब्द अरबीतल्या 'दाखल'वरून आला आहे. दाखल होणे म्हणजे आत येणे. या देशात दाखल झालेल्या, इथेच जन्मलेल्या आणि इथेच मातीत जाणाऱ्या माणसाला दारात किती वेळ उभे ठेवायचे, हा खरे तर कारभाराच्या सुधारणेचा एकमेव प्रश्न आहे.